उशिरा आलेली गाडी तुमच्या स्टेशनवर थांबेलच असं नाही: नव्या प्रवाशासाठी

गाडीने रोज ये-जा करायला लागून तुम्हाला काही आठवडेच झाले असतील, तर हा अनुभव अजून आला नसेल. येईल. गाडी बारा-पंधरा मिनिटं उशिरा येते, आली एकदाची म्हणून तुम्ही चढता, बसायला जागाही मिळते, आणि मग तुमचं स्टेशन खिडकीबाहेरून भर्रकन मागे जातं. फलाटावरच्या माणसांचे चेहरे क्षणभर दिसतात. डब्यातला रेकॉर्ड केलेला आवाज मात्र शांतपणे पुढचं नाव सांगत असतो.

माझ्यावर ही वेळ पहिल्यांदा आली तेव्हा मी नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते. चुकीच्या गाडीत चढले, अशी मी पुढची पंधरा मिनिटं स्वतःलाच बोल लावत होते. गाडी बरोबरच होती. मी चढले तेव्हा फलकावर माझं स्टेशन होतं. ते वगळायचा निर्णय मी आत बसल्यावर झाला होता आणि तो डब्यापर्यंत पोचलाच नाही. हे मला खूप नंतर समजलं. तेव्हापासून नव्या माणसाला मी आधी हेच सांगते की गाडी किती उशिरा आहे आणि ती कुठे कुठे थांबणार आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फलकावर आपण पहिली बघतो. बघायला हवी दुसरी.

आधी कारण समजून घ्या

वेळापत्रकात गाडी ही एक ओळ असते, पण रुळांवर धावणारा रेक, म्हणजे जोडलेल्या डब्यांचा अख्खा संच, दिवसभर फेऱ्या मारत असतो. शेवटच्या स्टेशनला पोचला की काही मिनिटांत तोच रेक उलट दिशेची गाडी म्हणून सुटतो. समजा, त्याला तिथे आठ मिनिटांची उसंत आहे आणि तो पंधरा मिनिटं उशिरा पोचला, तर परतीची गाडी सुटतानाच सात मिनिटं मागे पडते. मोटरमन आणि गार्डच्या ड्युटीचे तासही याच साखळीत अडकलेले असतात. जिथे दोन मार्ग एकमेकांना छेदतात, तिथे एका गाडीचा उशीर दुसऱ्या मार्गावर जातो.

कंट्रोलरूममधल्या माणसाच्या हातात अशा वेळी मोजकेच उपाय उरतात. मागच्या गाड्या रोखायच्या, ही गाडी अर्ध्या वाटेवरून परत फिरवायची, फेरीच रद्द करायची, किंवा मधले थांबे गाळायचे. ब्रेक लावणं, दारं उघडणं, माणसं चढणं-उतरणं, पुन्हा वेग घेणं, हे सगळं धरलं तर उपनगरी गाडीला एक थांबा साधारण मिनिट-दीड मिनिटाला पडतो, गर्दी असेल तर त्याहून जास्त. पाच-सहा थांबे गाळले की बराचसा उशीर भरून निघतो.

दुसरंही एक कारण आहे, आणि प्रवाशांच्या बाजूने बघितलं तर ते रास्त आहे. उशिरा आलेल्या गाडीसाठी फलाटावर जास्त माणसं साठतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, म्हणून गाडी आणखी मागे पडते. तिच्या मागची गाडी मात्र रिकामी असते आणि जवळ येत जाते. शेवटी दोन गाड्या एकामागोमाग धावतात आणि पुढे मोठी पोकळी तयार होते. न्यूयॉर्कच्या सबवेत अशा वेळी पुढची गाडी काही स्टेशनं न थांबता पुढे काढतात, म्हणजे अंतर पुन्हा सारखं होतं. मागची गाडी दोन-तीन मिनिटांत येणार असेल तर यात कुणाचं फारसं बिघडत नाही. ती वीस-पंचवीस मिनिटांनी येणार असेल, तर मात्र पुढच्यांचा वेळ वाचवायला फलाटावरच्या माणसाचा वेळ घेतलेला असतो.

तिसरं कारण मोजमापाचं आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त खुपतं. गाडी वेळेवर आली की नाही हे कुठे मोजायचं? ब्रिटनमध्ये अनेक वर्षं हे फक्त शेवटच्या स्टेशनला मोजत. पाच मिनिटांच्या आत, आणि लांब पल्ल्याची असेल तर दहा मिनिटांच्या आत पोचली, तर गाडी वेळेवर. तिथे एक चांगली अट होती. ठरलेल्या सगळ्या थांब्यांवर थांबली असेल तरच ती वेळेवर धरायची. एप्रिल २०१९पासून तिथे प्रत्येक थांब्यावरची वेळ मिनिटाच्या हिशेबाने मोजण्यावर भर आला. जर्मनीत सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर म्हणजे वेळेवर, पण गाळलेला थांबा त्या आकडेवारीत उशीर म्हणून येत नाही. मेलबर्नमध्ये उशिराच्या लोकल मधली स्टेशनं टाळून पुढे काढण्यावर प्रवाशांनी इतका आवाज उठवला की २०१७च्या अखेरीस सुरू झालेल्या नव्या करारात त्यावर दंडाची तरतूद आली. तुमच्या भागात गाडीची वेळ कुठे मोजतात हे शोधून ठेवा. फक्त शेवटच्या स्टेशनला मोजत असतील, तर मधल्या छोट्या स्टेशनवरच्या माणसाने जास्त सावध राहायला हवं.

पायरी १: एक मोकळा दिवस काढून आपला मार्ग वाचा

हे घाईच्या दिवशी जमत नाही. छापील किंवा पीडीएफ वेळापत्रक घ्या, ॲप नको. ॲप तुमच्यापुरती एक वाट दाखवतं, पूर्ण पट दाखवत नाही. त्यात तीन गोष्टी शोधा.

तुमच्या स्टेशनच्या अलीकडचं आणि पलीकडचं असं स्टेशन कोणतं, जिथे जलद गाड्याही थांबतात? गाळागाळी झाली तरी अशी स्टेशनं बहुतेक वेळा वाचतात, कारण तिथे मार्ग फुटतात, कर्मचारी बदलतात किंवा माणसं गाडी बदलतात. तुम्हाला आधार त्यांचाच.

तुमच्या स्टेशनवर थांबणाऱ्या दोन गाड्यांत किती अंतर आहे? पाच मिनिटं असेल तर हा लेख तुम्हाला फारसा लागणार नाही. अर्धा तास असेल तर पुढचं सगळं नीट वाचा.

आणि शेवटची गाडी कितीची? शेवटच्या गाडीने थांबा गाळला तर दुरुस्तीला पुढची गाडी नसते. म्हणून महत्त्वाच्या दिवशी शेवटच्या गाडीवर विसंबू नका, तिच्या आधीची धरा.

पायरी २: आपल्या गाडीची उसंत काढा

तुमची गाडी शेवटच्या स्टेशनला कधी पोचते आणि तिथून उलट दिशेची गाडी किती मिनिटांनी सुटते, ते बघा. छोट्या टर्मिनसवर, एकाच फलाटावरून ये-जा असेल, तर बहुधा तोच रेक परततो. हा फरक म्हणजे तुमच्या गाडीची उसंत. माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की उशीर उसंतीपेक्षा कमी असेल तर कंट्रोल सहसा थांब्यांना हात लावत नाही. उशीर उसंतीच्या वर गेला की कान टवकारायचे. आणि त्यातच तुमच्या गाडीच्या मागे सगळीकडे थांबणारी दुसरी गाडी जवळ आलेली असेल, तर थांबे गाळले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

हा अंदाज आहे, नियम नाही. पण आठवडाभर मनात हा हिशेब करून बघा. गाडी फलाटावर यायच्या आधीच काय होणार हे बऱ्याचदा कळू लागतं.

पायरी ३: फलाटावर थांब्यांची यादी वाचा

इथे थोडं थांबून सांगते, कारण घोळ इथेच होतो.

फलकावर येणारी मिनिटं यंत्र काढतं. गाडी रुळांच्या कोणत्या तुकड्यावर आहे हे सिग्नल यंत्रणेला कळतं, त्याला वेळापत्रकाची जोड दिली की अंदाज तयार होतो. यात माणसाने काही करावं लागत नाही. थांबा गाळायचा निर्णय मात्र माणूस घेतो, आणि तो माणसानेच यंत्रणेत भरावा लागतो. ज्या क्षणी गोंधळ सगळ्यात जास्त असतो, त्याच क्षणी कंट्रोलरूममधला माणूस दोन-तीन गाड्या सांभाळत फोनवर बोलत असतो. नोंद मागे राहते. मिनिटं अचूक आणि थांबे जुने, असा फलक म्हणूनच दिसतो.

डब्यातला आवाज आणखी वेगळ्या मार्गाने येतो. अनेक गाड्यांत पूर्ण मार्ग आधीच भरलेला असतो. जीपीएस किंवा चाकांच्या फेऱ्यांवरून गाडी कुठे आहे ते ओळखून ठरलेली ध्वनिफीत वाजते. थांबा गाळला हे त्या यंत्राला आपोआप कळत नाही. गार्डने किंवा मोटरमनने बदल केला नाही, तर ते ‘पुढील स्टेशन’ म्हणून तेच नाव सांगणार, गाडी तिथून वेगाने निघून गेली तरी. डब्यातली स्टेशनांची नावं दाखवणारी पट्टीही बहुतेक त्याच यंत्रावर चालते. म्हणून आवाज आणि पट्टी एकच सांगत आहेत याला दुजोरा समजू नका.

ॲप तिसऱ्या मार्गाने माहिती घेतं. वाहतूक संस्था वेळेची माहिती देण्यासाठी ज्या खुल्या पद्धती वापरतात, त्यांपैकी एक जीटीएफएस रिअलटाइम. तिच्यात एखादा थांबा ‘गाळला’ असं सांगण्यासाठी वेगळी खूण आहे. म्हणजे सांगायची सोय आहे. ती खूण कुणीतरी लावायला हवी आणि ॲपने ती दाखवायला हवी, इतकंच. काही ॲप गाळलेल्या थांब्यावर काट मारतात, काही तो थांबा यादीतून गुपचूप काढून टाकतात. तुमचं ॲप काय करतं ते एकदा शांतपणे बघून ठेवा.

तर फलाटावर करायचं काय? फलकावर तुमच्या गाडीची पूर्ण यादी सरकत असेल तर ती एकदा अखेरपर्यंत वाचा, आणि गाडी दिसायला लागली की पुन्हा वाचा. मधल्या वेळात यादी लहान झाली असेल तर तो स्पष्ट इशारा आहे. यंत्राच्या आवाजाने एक सांगितलं आणि स्टेशनवरच्या जिवंत माणसाने माइकवर दुसरं, तर माणसाचं ऐका. तो आवाज अडखळत असेल, खरखर असेल, पण तो आत्ताचा असतो. त्याच्या पाठोपाठ यंत्र जुनी घोषणा पुन्हा वाजवेल, तरीही.

आणि एक जिवाशी संबंध असलेली गोष्ट. आपली गाडी येतेय असं समजून माणसं फलाटाच्या कडेला सरसावतात, आणि थांबा गाळलेली गाडी तिथून वेगाने जाते. गाडी पूर्ण थांबेपर्यंत पिवळ्या रेषेच्या मागेच राहा. लहान मूल असेल तर हात धरा. उशिराच्या दिवशी तर दुप्पट काळजी घ्या.

पायरी ४: प्रश्न बरोबर विचारा

‘ही गाडी अमुक ठिकाणी जाते का?’ असं विचारलं तर उत्तर ‘हो’ असंच येणार, कारण ती त्या दिशेला जातेच. त्याऐवजी विचारा, ‘ही गाडी आज अमुक स्टेशनवर थांबणार आहे ना? कंट्रोलकडून काही बदल आलाय का?’ ‘आज’ आणि ‘बदल’ हे दोन शब्द महत्त्वाचे. गार्ड दिसत असेल तर त्यालाच विचारा, कारण थांबायचं की नाही हा आदेश बहुधा थेट मोटरमन-गार्डकडे जातो. फलाटावरच्या कर्मचाऱ्याला तो तुमच्या इतक्याच उशिरा कळलेला असू शकतो. त्याच्यावर चिडून काही हाती लागत नाही. त्याच्या हातातलं यंत्रही तोच जुना फलक दाखवत असतं.

पायरी ५: डब्यात पहिली पाच मिनिटं जागे राहा

चढल्यावर लगेच हेडफोन लावू नका. थांबे गाळायची सूचना बहुतेक गाडी सुटता सुटता किंवा पहिल्या एक-दोन स्टेशनांच्या आत येते, आणि कित्येकदा एकदाच येते. सूचना ऐकू आली पण नावं कळली नाहीत, तर शेजारच्याला विचारा. त्यालाही कळलेली नसतील, मग दोघं मिळून तिसऱ्याला विचारा. असं विचारलेलं कुणालाच वावगं वाटत नाही.

तुमचं स्टेशन गाळलं जाणार हे वेळेत कळलं, तर अलीकडे उतरायचं की पलीकडे जायचं? मी शक्यतो अलीकडच्या मोठ्या स्टेशनवर उतरते. मागून येणारी सगळीकडे थांबणारी गाडी तिथे मिळते आणि दिशा बदलावी लागत नाही. पलीकडे गेलात तर पूल ओलांडून उलट गाडी धरावी लागते, आणि ती गाडीही बहुधा त्याच गोंधळात अडकलेली असते. मात्र रात्र असेल आणि अलीकडचं स्टेशन निर्मनुष्य असेल, तर पलीकडच्या उजेडाच्या, वर्दळीच्या स्टेशनवर उतरणं शहाणपणाचं.

आधीच मदतीची मागणी नोंदवलेली असेल, म्हणजे व्हीलचेअरसाठी रॅम्प किंवा दृष्टिहीन प्रवाशासाठी सोबत, तर ही पायरी सगळ्यात कठीण होते. मदतनीस एका स्टेशनवर उभा, आणि प्रवासी उतरणार दुसऱ्याच. युरोपीय संघाच्या नियमात अशी मदत साधारण २४ तास आधी कळवायची असते. पण थांबा गाळल्याचं मदतनिसाला आपोआप कळेल असं गृहीत धरू नका. गाडी उशिरा आहे हे कळताच गार्डला आपला डबा आणि उतरायचं स्टेशन सांगा, आणि मदतीचा फोन नंबर हाताशी ठेवा. बाजूला बसलेल्या धडधाकट प्रवाशाने हे काम आपणहून केलं तर फार बरं.

पायरी ६: स्टेशन निघून गेलंच, तर

साखळी ओढू नका. आणीबाणीचं बटण दाबू नका. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये उभी राहील आणि मागच्या सगळ्या गाड्या अडकतील, तुमचं स्टेशन तरीही मिळणार नाही. गाडी हळू झाली म्हणून उतरायचा विचार तर मनातही आणू नका.

पुढच्या थांब्यावर उतरा आणि बाहेर पडण्याआधी, फाटकाच्या आतच, कर्मचाऱ्याला गाठा. तुमचं तिकीट इथवरचं नाही, पण चूक तुमची नाही, एवढं सरळ सांगा. परतीच्या प्रवासासाठी तिकिटावर शेरा किंवा तोंडी परवानगी मागा. कार्ड टॅप करून बाहेर पडलात तर जास्तीचं भाडं कापलं जातं आणि ते परत मिळवायला अर्ज करत बसावं लागतं. तुमची वाट बघणाऱ्याला लगेच कळवा, पण वेळ सांगताना फलकावरची मिनिटं सांगू नका. ‘उलट गाडीत बसल्यावर सांगते’ एवढंच म्हणा.

पायरी ७: नोंद ठेवा, भरपाई मागा

नवे प्रवासी हे करत नाहीत आणि तिथेच हक्क सोडतात. तीन फोटो काढा: वेळ दिसेल असा फलक, तिकीट, आणि जिथे उतरावं लागलं त्या स्टेशनच्या नावाची पाटी. गाडीचा क्रमांक लिहून ठेवा.

भरपाईचा हिशेब करताना गाडीचा उशीर धरू नका, स्वतःचा धरा. गाडी शेवटच्या स्टेशनला चार मिनिटं उशिरा पोचली असेल, पण तुम्ही पुढे जाऊन परत आलात आणि तुमच्या मुक्कामी चाळीस मिनिटं उशिरा पोचलात, तर तुमचा उशीर चाळीस मिनिटांचा. ब्रिटनच्या ‘डिले रिपे’ योजनेत हाच हिशेब चालतो. बऱ्याच कंपन्या पंधरा मिनिटांपासून, काही तीस मिनिटांपासून भरपाई देतात. अर्ज २८ दिवसांत करायचा. युरोपीय संघात ७ जून २०२३पासून लागू झालेल्या नियमानुसार ६० ते ११९ मिनिटांच्या उशिराला तिकिटाच्या २५ टक्के आणि त्यापुढे ५० टक्के भरपाई मिळते. काही अपवादात्मक कारणं त्यातून वगळली आहेत. त्याच नियमात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. तुमची ठरलेली गाडी किंवा जोडगाडी सुटायच्या वेळेपासून १०० मिनिटांत रेल्वेने पर्यायी मार्ग सांगितला नाही, तर तुम्ही दुसऱ्या रेल्वेने किंवा बसने जाऊन त्याचा आवश्यक तेवढा खर्च मागू शकता.

प्रत्येक देशाचे नियम निराळे, पण अर्जात एक वाक्य सगळीकडे लिहा: ‘गाडीने ठरलेला थांबा घेतला नाही.’ नुसतं ‘उशीर झाला’ लिहिलं, तर यंत्रणा गाडीची वेळ तपासते, ती मर्यादेत दिसते आणि अर्ज नाकारला जातो. नाकारला तर त्याच वाक्यावर बोट ठेवून पुन्हा पाठवा.

पायरी ८: तक्रार करताना नेमकं मागा

‘सेवा वाईट आहे’ या तक्रारीला छापील दिलगिरी मिळते. त्याऐवजी विचारा: थांबा गाळायचा निर्णय किती वाजता झाला, फलकावर तो किती वाजता दिसला, डब्यात तो कधी सांगितला गेला. या तीन वेळा एकमेकींशेजारी ठेवल्या की माहिती नेमकी कुठे अडकली ते उघड होतं. प्रवासी संघटना असेल तर तिच्याकडेही पाठवा. एकाच स्टेशनवरून अशी दहा पत्रं गेली की त्याचा वेगळा विचार करावाच लागतो.

मी अशी पहिली तक्रार लिहिली तेव्हा उत्तरात फक्त दोन वेळा आल्या. निर्णय आणि फलकावरची नोंद यांत अकरा मिनिटांचं अंतर होतं. डब्यातल्या सूचनेचा रकाना रिकामा होता. त्याच रकान्याबद्दल मी दुसरं पत्र लिहिलं.